पेवटेकावरची खूण

“तिला पेव दाखवायचं न्हाई. कूस उजवंस्तोवर सून म्हंजी पाव्हणीच.”

हे ज्या भिंतीआड बोललं गेलं ती भिंत आता राहिलेली नाही. बोलणारा राहिलेला नाही, आणि जिच्या कानांसाठी ते नव्हतं ती तर केव्हाच गेली. पण कवठाणीच्या पेवटेकावर कुणी पाहुणा चढला, की लिंबाजीतात्या गुरव सगळ्यात आधी हे वाक्य म्हणून दाखवतात. मग दम खातात, उपरण्यानं तोंड पुसतात आणि सभोवार हात फिरवतात.

टेक तसं बेताचं. तांबूस मुरुमाचं, कासवाच्या पाठीसारखं, वर झाड म्हणून नाही. पण जागोजाग कमरेइतके दगड उभे केलेले. त्यांना दरसाल चुना देतात, आणि प्रत्येकाच्या अंगावर हळदीचे पंजे, जुन्यावर नवे, थरावर थर. सकाळच्या उन्हात पार सडकेवरून दिसतात. नवखा माणूस हमखास विचारतो, “ह्या समाध्या का हो?”

“समाध्या न्हाईत, पाव्हणं,” तात्या म्हणतात. “कोठारं हायती. तुमी आत्ता एका कोठाराच्या टाळूवर उभं हाय.”

पाहुणा दचकून दोन पावलं बाजूला होतो. तात्या त्याला सांगत नाहीत की आता तो दुसऱ्याच्या टाळूवर आलाय.

पेव म्हणजे जमिनीच्या पोटातली कोठी. तोंड माणूस कसाबसा उतरेल एवढं, आणि आत रांजणासारखी फुगत गेलेली. आधी आत जाळ करून भिंती भाजून घ्यायच्या, म्हणजे ओल मरते. मग तळाला आणि कडेनं कडबा, त्याला लागून निंबाचा पाला, आणि मधे उन्हात खडखडीत वाळवलेला जोंधळा. गळ्याशी भुसा दाबायचा, वर शिळा, शिळेवर शेणमाती, आणि तिच्यावर मुरूम सारखा करून टाकायचा. असं मिटलेलं पेव वर्षानुवर्षं दाणा सांभाळतं. कडेचा जोंधळा तेवढा उबतो. त्याची भाकरी तांबूस होते आणि नाकाला चढते. पण ज्यांनी भुकेचं वर्ष काढलंय ते सांगत, त्या वासाला अत्तराची सर नाही.

आसपासच्या मुलखात पेव लपवायची रीत होती. चोर, लुटारू, वसुलीचे शिपाई, झालंच तर भाऊबंद, एवढ्या सगळ्यांपासून दाणा राखायचा, तर तो कुठं आहे हे कळता कामा नये. कवठाणीत नेमकं उलटं. इथं पेवावर खूण उभी करतात, आणि तीही सगळ्या शिवाराला दिसेल अशी. हे असं का, त्याची ही हकीकत. तात्या म्हणतात, आपण ऐकली तशी सांगतो. खरंखोटं टेकाला विचारा.

फार मागं, म्हणे, कवठाणीत राणोजी मोराळे नावाचा मातबर कुणबी होता. कोरडवाहू जमीन पुष्कळ, घरात दोन मुलगे. थोरला सुभान, धाकटा हैबती. बायको येसाबाई, जिच्या हाताखाली घरातलं मडकंसुद्धा विचारून हालत असे. एका साली जोंधळा असा आला, की उभ्या पिकात बैल दिसेना. राणोजीनं त्या साली टेकावर एक पेव खणलं, आणि ते एवढं मोठं, की खणणाऱ्यांनीच त्याला ‘थोरलं’ म्हणायला सुरुवात केली. ते तोंडापर्यंत भरून राणोजीनं स्वतःच्या हातानं मिटलं. मुरूम असा सारखा केला, की आदल्या दिवशी तिथं खणती चालली होती हे खणणाऱ्यांनाही पटू नये. खणणारे लांबच्या मुलखातले होते. ते मजुरी घेऊन निघून गेले. ठिकाण उरलं घरात. टेकावर एक जुनी बाभूळ होती. तिच्या बुंध्यापासून उगवतीकडं अमुक पावलं, असं ते सांगायचं. राणोजीला ठाऊक, येसाबाईला ठाऊक आणि बाप झाल्यावर सुभानला ठाऊक.

गावात इतर घरांचीही पेवं होतीच. प्रत्येक घराचं होतं, आणि प्रत्येक घर आपलं नसल्याचं सांगत असे.

त्याच वैशाखात हैबतीचं लग्न झालं आणि गोजरा सून होऊन आली. अबोल पोर. सासरी येऊन आठवडा झाला तरी शेजारणींना तिचा आवाज माहीत नव्हता. एक म्हणाली, “येसाबाई, मुकी का काय आणलीस?” येसाबाई म्हणाली, “बोलणारी एक हाय घरात. दुसरी कशाला?” गोजरा खाली मान घालून हसली, आणि तेही कुणाला दिसलं नाही.

न बोलणाऱ्या माणसाला ऐकायला फार वेळ मिळतो. गोजरा माजघरातल्या कणग्यांना येताजाता बोटानं टिचकी मारी. भरलेल्या कणगीचा आवाज दबका येतो, रिती होत चाललेली मोकळी बोलते. कुठला दाणा कुठवर आलाय हे तिला झाकण न काढता कळे. अशीच एका दुपारी ती कणगीच्या आड तूर पाखडायला बसली होती, आणि भिंतीपलीकडं मामंजी आत्याबाईंना ते सांगत होते. तिला पेव दाखवायचं न्हाई. कूस उजवंस्तोवर सून म्हंजी पाव्हणीच.

येसाबाईनं काही उलट विचारलं नाही. तिलाही घरचं जुनं पेव सुभान झाल्यावरच दाखवलं होतं.

गोजरानं तूर पाखडून पुरी केली. कोंडा बाजूला, डाळ बाजूला. संध्याकाळी तिनं खंडोबापुढं दिवा लावला आणि मनातल्या मनात शब्द दिला, की ही माणसं आपण होऊन दाखवतील तेव्हाच मी ते बघेन. तोवर माझी नजर तिकडं वळणार नाही आणि माझी जीभ त्याचं नाव घेणार नाही. रागानं दिला की रुसून, ते कुणी सांगत नाही. पण दिला. देवापुढं दिलेला शब्द मग रागाचा राहत नाही.

अडचण एवढीच होती, की न बघायचं म्हटलं तरी कुठं बघायचं नाही ते आधी नक्की ठाऊक असावं लागतं. ते तिला नव्हतं.

ते कळलं पुढच्या थंडीत. पाऊस त्या साली रडतखडतच झाला होता. मार्गशीर्षात भल्या सकाळी ती टेकावर काटक्या वेचायला जायची, पाय अनवाणी. मुरूम बर्फासारखा गार. टाच टेकवली की कळ मांडीपर्यंत जायची. आणि एके ठिकाणी, सुपाएवढ्या जागेत, तिच्या तळव्यांना ऊब लागली. तिला वाटलं, आत्ताच इथून कुणाचं तरी जनावर उठून गेलं असेल. दुसऱ्या सकाळी पुन्हा तीच ऊब. तिसऱ्या सकाळी भोवतीच्या खड्यांवर दव होतं आणि तेवढ्या जागेवर नव्हतं. मग तिच्या ध्यानात आलं. खाली दाणा होता. हजारो माणसांचं अन्न अंधारात एकमेकांना चिकटून पडलं होतं आणि श्वास घेत होतं. तो श्वास हळूहळू वर येऊन तिच्या पायांना लागत होता.

तिनं तिथं हात जोडले नाहीत, नमस्कार केला नाही. कुणी पाहिलं असतं तर? ती चालू लागली. त्यानंतर काटक्या वेचायला ती टेकाच्या पलीकडच्या अंगानं जाऊ लागली, म्हणजे नजर चुकूनही तिकडं जायला नको. हैबतीलाही बोलली नाही.

पुढचा पावसाळा आलाच नाही. ढग येत, गावावरून जात, जणू त्यांना पुढं कुठं तरी लग्नाला जायचं होतं. खरीप जळालं. रब्बीला पेरायला ओल नव्हती. हैबती दोन बैल तेवढे घरी ठेवून बाकीची गुरं घेऊन, चारा मिळेल म्हणून, खाली गोदाकाठाला गेला. गावातली पेवं एकेक करून उघडली गेली. चोरून उघडली गेली आणि चोरून खाल्ली गेली. मग लुटारूंच्या टोळ्या फिरू लागल्याची खबर आली. शेजारच्या गावात त्यांनी एका म्हाताऱ्याचे तळवे चटके देऊन भाजले आणि पेव काढून घेतलं, म्हणे.

त्या खबरीनं राणोजीची झोप उडाली. थोरलं पेव अजून मिटलेलं होतं. सगळ्यांची संपली, की मग ते उघडायचं, असा त्याचा हिशेब. पण सुभानला धरलं आणि चटके दिले तर? येसाबाईला धरलं तर? माणसाला ठाऊक आहे ते माणूस सांगतोच. म्हणून एके दिवशी सगळे पाण्यासाठी लांबच्या झऱ्यावर गेले असताना राणोजीनं टेकावरची बाभूळ तोडली. बुंधा मुळासकट उपटला, खड्डा बुजवला, आणि दोन्ही बैल जुंपून सगळ्या टेकावर नांगर फिरवला. घरच्यांनी विचारलं तर म्हणाला, “आता कुनी मारून टाकलं तरी तुमी सांगू शकनार न्हाई. मला ठावं हाय, तेवढं पुरं.”

त्याच्या शहाणपणाचं त्याला स्वतःला फार कौतुक वाटलं असणार. पण पंधरवडाही गेला नाही, आणि गावात पटकी आली.

राणोजी सकाळी ओसरीवर बसला होता आणि दिवस मावळायच्या आत गेला. दुपारीच त्याची वाचा बसली. येसाबाई त्याच्या तोंडाला कान लावून बसली, सुभान पायाशी. राणोजीनं हात उचलला आणि टेकाकडं केला. एवढंच त्याला जमलं. टेक केवढं, आणि एक हात केवढा! तो हात खाली पडला तो मग उचलला गेला नाही.

बापाचे दिवस उरकताच सुभाननं टेकावर खणती काढली. गावाला सांगितलं, पाण्यासाठी खणतोय. कुणाचा विश्वास बसला नाही, पण कुणी तसं बोललंही नाही. प्रत्येकानं आपापल्या वेळी अशीच काही थाप मारलेली होती. बाभूळ कुठं होती, तिथून पावलं मोजायची, एवढंच काम. आणि तिथंच सगळं अडलं. ज्या बाभळीखाली सारं गाव जन्मभर बसलं, जिच्या शेंगा शेरडांना घातल्या, ती नेमकी कुठं होती हे कुणालाच सांगता येईना. येसाबाई एक जागा दाखवी, सुभान दुसरी. सहज विचारल्यासारखं करून गुराख्याला विचारलं, तर त्यानं छातीठोकपणे तिसरी दाखवली. नांगरलेलं टेक सगळीकडं सारखं. त्यात जुन्या मोडक्या पेवांचे खड्डे. कुदळ पोकळीत गेली की सुभान खाली बसून हातानं उकरायचा, आणि आत निघायची नुसती माती, नाही तर घुबडाचं घरटं.

सासू आणि दीर दिवसभर खणत. गोजरा त्यांना पाणी नेऊन देई, आणि ज्या बाजूला ती ऊब होती त्या बाजूला पाठ करून उभी राही.

ती का बोलली नाही? इथं पाहुणे हमखास चुळबुळतात, आणि तात्या त्यांना चुळबुळू देतात. देवापुढचा शब्द होता, ही एक गोष्ट. दुसरी अशी, की सासरा गेल्यापासून गावात कुजबुज होती. पोरगी पांढऱ्या पायाची. आली आणि पाऊस गेला, आली आणि कर्ता गेला. पाणवठ्यावर तिला ऐकू जाईल अशा बेतानं बायका ते बोलत. आता ज्या सुनेला पेव दाखवायचं नाही असं ठरलेलं, तिलाच जर ते ठाऊक निघालं, तर घरचे काय म्हणतील? चोरून पाळत ठेवली म्हणतील. आणि जमिनीतली ऊब पायांना कळते असं सांगितलं, तर गाव काय म्हणेल? पांढऱ्या पायांवरून गोष्ट चेटकिणीवर जायला असा कितीसा वेळ लागतो! त्या काळी चेटकीण ठरलेल्या बाईचं काय करत, ते गोजराला माहेरीच ठाऊक झालं होतं. तिनं ते लहानपणी पाहिलं होतं.

कणग्या एकेक करून मोकळ्या बोलू लागल्या. शेवटची तर टिचकी मारायच्या आधीच बोलायची.

पौष सरता सरता गावानं उठायचं ठरवलं. चालू शकतील त्यांनी गोदाकाठाला जायचं. चालू शकणार नाहीत त्यांचं काय, हे पारावर कुणी विचारलं नाही. थोरल्या जावेचं, सुभानच्या बायकोचं, तान्हं पोर रडायचंही थांबलं होतं; आईच्या अंगावर दूध नव्हतं, आणि एवढी वाट ते काढणार नाही हे तिच्या तोंडाकडं पाहून कुणालाही कळत होतं. ती त्याला छातीशी बांधून मुकाट्यानं बोचकी भरत होती.

निघायच्या दिवशी तांबडं फुटायच्या सुमाराला येसाबाई घरात नव्हती. सुभान म्हणाला, “आई टेकावर आसंल. जा, घिऊन ये.” गोजरा गेली.

येसाबाई टेकाच्या मध्यावर घोंगडं पांघरून बसली होती. सुनेला पाहून म्हणाली, “मी यायची न्हाई. तुमी जावा. मी हितंच बसते. कुटं हाय ते घावलं न्हाई, पर हाय तर ह्या टेकातच. त्येच्यावर बसून मरीन. भुकेली मेली आसं तरी कुनी म्हननार न्हाई.” आणि मग, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा, ती सुनेकडं नीट बघून म्हणाली, “तुला ठावं आसतं तर बरं झालं आसतं गं, पोरी. तुज्यावर कुनाचंच ध्यान नव्हतं.”

गोजरा उभी राहिली. गाड्या जुंपल्याचे आवाज खालून येत होते. तिनं आपला शब्द मनात पुन्हा एकदा उलगडून बघितला, जसं लुगडं विकत घेताना बाई काठापासून काठापर्यंत बघते. नजर वळणार नाही, असा शब्द होता. जीभ नाव घेणार नाही, असा शब्द होता. पायांचं त्यात काही नव्हतं.

तिनं डोळे मिटले.

आणि मिटल्या डोळ्यांनी ती त्या नांगरलेल्या, खड्ड्याखड्ड्यांच्या टेकावरून चालू लागली. तात्या इथं आवाज खाली आणतात. असं सांगतात, की ती कुठं ठेचकाळली नाही. सुभाननं खणून ठेवलेले खड्डे तिच्या पावलांच्या डावीउजवीकडून गेले. गार, गार, गार. तळवे बधिर व्हायला आले होते. येसाबाईला वाटलं, पोरीला वेड लागलं. ती घोंगडं टाकून तिच्यामागं धावली. आणि मग गोजराचे पाय थांबले. ती खाली बसली. हात पुढं केला, सासूचा हात चाचपून धरला, आणि तिचा पंजा जमिनीवर पालथा ठेवला.

येसाबाईचे हात पहाटभर गारठलेले होते. ज्या बाईनं आयुष्यभर चुलीतल्या निखाऱ्यांची धग हातानं जोखली होती, तिला ऊब म्हणजे काय ते सांगावं लागलं नाही. ती पालथ्या पंजानं तशीच बसून राहिली. मग तिनं दुसरा हातही तिथं टेकला. मग कपाळ.

सुभानला हाक गेली. कुदळीच्या थोड्याच घावांनंतर शेणमातीचा थर लागला, तडा न गेलेला, राणोजीच्या बोटांचे वळ अजून अंगावर असलेला. खाली शिळा. तिघांनी मिळून पहारीनं ती एका कडेनं उचलली.

आतून वाफ आली. इतक्या दिवसांचा कोंडलेला श्वास त्या कडाक्याच्या थंडीत बाहेर पडला आणि उभा राहिला. पांढरा, खांबासारखा, सरळ. वारा नव्हता. तो खांब माणसाच्या उंचीचा झाला, झाडाच्या उंचीचा झाला, आणि उगवतीचं पहिलं ऊन त्याला वरून लागलं तेव्हा त्याचं वरचं टोक सोन्याचं दिसलं, म्हणे. आणि वास! उबट, गोडूस, खळ्यातल्या राशीचा आणि जुन्या घोंगड्याचा मिळून एक. तो वास टेकावरून खाली गावात उतरला. बैलांनी माना वळवल्या. जावेच्या छातीवरचं पोर रडायला लागलं, असंही सांगतात.

पेव उघडल्या उघडल्या आत उतरत नाहीत. कोंडलेली हवा माणसाला घेते. येसाबाईला ते ठाऊक होतं. ती पालथी पडून नुसता हात आत घालत गेली, भुसा बाजूला करत गेली, आणि मूठ भरून वर आली. जोंधळा कोरडा होता. मोत्यासारखा म्हणायची रीत आहे, पण त्या सकाळी मोती कुणी घेतले नसते.

पहिली ओंजळ तिनं सुनेच्या ओटीत घातली. गोजरानं आता डोळे उघडले होते. ज्यांनी दाखवायचं त्यांनीच आता तिच्या पदरात घातलं होतं, म्हणजे शब्द पुरा झाला होता. येसाबाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, “आजपास्नं तू ह्या घरची. आमच्यातली. आता हे तुलाबी ठावं, तसंच ऱ्हाऊ दे. घरचं घरातच.”

हे ऐकायला गोजरा दीड वर्षं थांबली होती. दुसरं काही तिला नकोच होतं. हे तिला मिळालं, आणि त्याच वेळी टेकाखालून माणसांचे आवाज आले.

पांढरा खांब सगळ्या गावानं पाहिला होता. जुंपलेल्या गाड्या तशाच सोडून माणसं टेकाच्या पायथ्याशी आली होती. बायका, म्हातारी, खांद्यावर पोरं घेतलेले बाप. वर यायला कुणी धजत नव्हतं. दुसऱ्याच्या पेवाकडं बघू नये हा तिथला रिवाज. पुढचा एक जण ओरडला, “सुभानराव, धूर कसला वो?”

सुभाननं घोंगडं पेवाच्या तोंडावर ओढलं. त्याचं पोर भुकेनं मरायला टेकलेलं होतं; त्याला दोष द्यायचा तर जपून द्यावा. तो ओरडला, “काय न्हाई! बाभळीचं खोड जाळतोय! तुमी व्हा म्होरं, आमी येतो मागनं!”

लोक थोडा वेळ उभे राहिले. वास तर प्रत्येकाच्या नाकात होता. पण कुणी ‘खोटं’ म्हणालं नाही. त्यांच्या बापांनीही हेच सांगितलं असतं, आणि ते स्वतः मालक असते तर त्यांनीही. कुणी तरी बैलांकडं वळलं. पाठीवर आईला घेतलेला एक माणूस हळूच मागं फिरला, आणि त्याच्या पाठीवरची म्हातारी मात्र मान वळवून टेकाकडंच बघत राहिली.

येसाबाईनं गोजराचं मनगट घट्ट धरलं. तिच्या मुठीत धाक होता आणि मायाही होती, आणि दोन्ही सारखीच घट्ट होती.

गोजरानं एका हातानं ओटी सावरली. घोंगडं पायानं बाजूला केलं. खांब पुन्हा उभा राहिला. आणि ज्या पोरीचा आवाज गावाला माहीत नव्हता, तिनं तो पहिल्यांदा गावाला ऐकवला.

त्या दिवशी गाड्या निघाल्या नाहीत. दिवसभर पेव उघडं ठेवलं. तिसऱ्या प्रहरी आत दिवा सोडला, तो तळाशी जाऊन तेवत राहिला, तेव्हा माणूस उतरला. पहिली पेज तान्ह्या पोराच्या आईला दिली. मग घरागणिक मापानं जोंधळा मोजून दिला गेला, आणि माप धरायला सुभानच उभा राहिला. त्यानं मान खाली घातलेली होती, पण माप शिगेचं भरलं, असं त्याचं नाव अजून घेतात. लुटारूही आले म्हणे एकदा. पण एका घराचं पेव लुटणं वेगळं, आणि ज्या पेवाभोवती सगळं गाव पहाऱ्याला बसलंय ते लुटणं वेगळं. ते लांबूनच परतले. पुढल्या मृगापर्यंत कवठाणीत भुकेनं कुणी गेलं नाही. त्याच साली येसाबाईनं थोरल्या पेवाच्या तोंडाशी दगड उभा केला, त्याला चुना दिला, आणि सुनेचा हात हळदीत बुडवून त्याच्यावर उमटवला. पुढच्या सुगीला ज्यानं त्यानं आपापलं पेव भरलं आणि आपापला दगड उभा केला.

आता पेवं कुणी भरत नाही. घराघरात पत्र्याच्या कोठ्या आहेत, प्लॅस्टिकचे निळे पिंप आहेत. वर्षाचा गहू-जोंधळा ऊन दाखवून, निंबाचा पाला घालून त्यात बसतो. पण आजही कवठाणीत नवी नवरी येते ती आधी घरात जात नाही. तिला वाजतगाजत टेकावर आणतात. चपला खाली काढून ती अनवाणी वर चढते, ओल्या हळदीचा हात दगडावर उमटवते. मग सासू तिला घरी नेऊन देवघराच्याही आधी धान्याची कोठी उघडून दाखवते आणि पहिली ओंजळ तिच्या ओटीत घालते. आजही थंडीच्या दिवसांत पहाटे टेकावर गेलं, तर एका जागी दव पडत नाही, असं म्हणतात. पाहुणे जोडे काढून बघतात. कुणाला ऊब लागते, कुणाला नाही.

आणि आजही दगडाशी उभं राहून प्रत्येक नवरी सगळ्या वऱ्हाडाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलते. कितीही लाजरी असो, तेवढं तिला बोलावंच लागतं. शब्द तिचे नसतात. त्या पहाटे, मनगटावरची सासूची मूठ न सोडवता, टेकाखाली पाठ फिरवू लागलेल्या माणसांना गोजरानं हाक मारली होती, आणि म्हणाली होती:

“हितं पेव हाय. नीट बगून ठिवा समद्यांनी. उद्या आमी नसलो, तर तुमाला सापडाया पायजे.”